मोठ्या बाईंची सहावी बॅटरी

१

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तळघरातल्या पार्किंगमध्ये बॅटरी मेलेली सापडली. अंगावर ओरखडा नाही, झटापटीच्या खुणा नाहीत, चारही दारांना कुलूप. वय अवघं अडीच महिने.

चौदा महिन्यांतली ही सहावी. आधीच्या पाचजणींसारखीच हीसुद्धा मंगळवारी सकाळी ठणठणीत होती. बुधवारी किल्ली फिरवल्यावर तिच्या तोंडून 'टक्' एवढाच शब्द निघाला.

शेजारी लिफ्टसाहेब उभे होते. हे त्यांचं नाव नव्हे, पण खरं नाव वापरणारं माणूस आता कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासल्या. वर गेले, खाली आले, वर गेले, खाली आले. निवृत्त झाल्यावर त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पुढे जावंसं वाटलं, म्हणून त्यांनी गाडी घेतली.

गाडी लांब, काळी, चामड्याच्या सीटची. घेतली तेव्हा आठ वर्षं वापरलेली होती आणि नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळाली होती. लिफ्टसाहेबांना वाटलं, आपण बाजी मारली. जुनी मोठी गाडी विकत घेताना स्वस्त असते, पण सुट्या भागांच्या दुकानात गेली की स्वतःचं वय विसरते आणि नव्या मोठ्या गाडीच्याच भावाने खरेदी करते, हे त्यांना पहिला पाण्याचा पंप फुटला तेव्हा कळलं. मग काचा दारात पडू लागल्या. तेल गळायला लागलं. चाकांवर स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या होत्या, त्या चिरल्या. संध्याकाळी ताठ उभी केलेली गाडी कधीकधी सकाळी पोटावर बसलेली सापडायची.

तिला ते 'मोठ्या बाई' म्हणत, कारण ती शाळेतल्या मोठ्या बाईंसारखीच होती. तिच्यासमोर काहीही करा, कुठला ना कुठला लाल दिवा लागायचाच. गाडी पोटावर आली की घरात 'आज बाई बसल्या' असं म्हणायची पद्धत होती. घरात म्हणजे लिफ्टसाहेब आणि त्यांचा मिस्त्री. तिसरं कुणी नव्हतं, आणि मिस्त्रीही तसा घरातला नव्हता. पण दर बुधवारी काही ना काही दुरुस्तीला तो यायचाच. गेले चौदा महिने बहुतेक बुधवारी बॅटरी झोपलेली असायची, तिला चार्ज करून उठवावं लागायचं, आणि चार्जिंगला तीन तास लागायचे. अशा आठ-दहा झोपा झाल्या की बॅटरी एक दिवस उठायचीच नाही.

ही सहावी तशीच गेली होती. फरक एवढाच की या वेळी खुनी कोण हे लिफ्टसाहेबांना ठाऊक होतं. गेल्या बुधवारी चार माणसांसमोर त्यांनी ते मोठ्याने सांगितलंही होतं.

२

"मिस्त्रीने मारली," लिफ्टसाहेब म्हणाले. "मला फक्त लेखी पाहिजे."

"मी मोजते," करंटताई म्हणाली. "लेखी देत नाही."

करंटताई गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. वय बेचाळीस, खांद्याला मीटरची पिशवी, मागच्या सीटवर नेहमी एक भरलेली बॅटरी. उभ्या गाडीची वीज कोण पितंय हे शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे ओळखी भरपूर होत्या, पण तिला फोन यायचा तो कुणाचं तरी काहीतरी मेल्यावरच.

"मिस्त्रीच का?"

लिफ्टसाहेबांनी जुनी बिलं पुढे केली. प्रत्येक बिलावर बुधवारची तारीख. "बॅटरी मंगळवारी मरते. मंगळवारी मी दहा ते एक गुडघ्यांच्या व्यायामाला जातो."

"या गाडीने?"

"बसने. या गाडीने गेलो तर परत यायची खात्री नसते." त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "आणि मिस्त्रीचं गॅरेज मंगळवारी बंद असतं. किल्ली त्याच्याकडे कितीदा राहिली आहे. दुसरी बनवली असणार. येतो, बॅटरी मारतो, बुधवारी नवी विकतो. मी त्याला तोंडावर चोर म्हटलं."

"मग?"

"हातातला पाना खाली ठेवला आणि निघून गेला." ते जरा थांबले. "पाना माझा होता. व्यवस्थित पुसून ठेवला."

आज पाच वाजता त्यांचा पुतण्या गिऱ्हाईक घेऊन येणार होता. गिऱ्हाईक म्हणजे गाडी उघडून तिचे तुकडे विकणारा. त्याच्या आत ताईने लेखी दिलं, की प्रकरण संपलं. बाई गेल्या, मिस्त्री गेला, बुधवार मोकळा.

"मिस्त्रींना त्यानंतर फोन केलात?"

"मी कशाला करू चोराला?"

मीटर लावायला प्रकाश हवा म्हणून ताईने त्यांचाच मोबाइल मागून घेतला. पडद्यावर आधीच्या फोनांची यादी उघडी होती. मिस्त्री, मिस्त्री, मिस्त्री. ताईने मोजले. गेल्या बुधवारपासून अकरा.

तिने टॉर्च लावला.

३

मोठ्या गाडीची वीज मोजण्यात एक अडचण असते. दार उघडलं की तिच्या पोटातली सगळी यंत्रं जागी होतात आणि मग लवकर झोपत नाहीत. आधी तिला झोपवावं लागतं. ताईने आपली बॅटरी जोडली, दाराच्या कडीत स्क्रूड्रायव्हर घालून दार लागल्याचं गाडीला पटवलं, बॅटरीच्या तारेभोवती मीटरचा चिमटा बसवला आणि स्टुलावर बसली. चाळीस मिनिटं. या वेळात ती कुजबुजत बोलायची. गाडीला ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं. सवय.

"हिचा अजून जीव गेला नाही होय?" मागून दणदणीत आवाज आला.

"हळू!" ताई कुजबुजली.

पुतण्या कागदपत्रं बघायला आधीच आला होता. सहा फुटांच्या वर उंच, तळघराच्या छताखाली मान वाकवून उभा. "काका, किती वेळा सांगितलं, ही गाडी नाही, खाजगी हॉस्पिटल आहे. तुम्हीच पेशंट, तुम्हीच नातेवाईक, आणि बिलसुद्धा तुम्हीच भरताय."

"तू शेवटचा कधी आला होतास?" लिफ्टसाहेब म्हणाले.

"परवाच नाही का... म्हणजे, मागच्या वर्षी."

"या विक्रीत तुम्हाला काय मिळणार?" ताईने विचारलं.

"मला? मनःशांती." तिने नुसतं बघितल्यावर तो जरा ओशाळला. "आणि थोडं कमिशन. पण बॅटरी मारायला मी दर आठवड्याला दोन तास गाडी चालवत येईन होय? मी काकांच्या वाढदिवसालासुद्धा येत नाही."

हा पुरावा बिनतोड होता. लिफ्टसाहेबांनीच मान डोलावली.

अजून पस्तीस मिनिटं होती. ताई मीटर तसाच ठेवून दोन गल्ल्या पलीकडे मिस्त्रीच्या गॅरेजात गेली. मिस्त्रीचं पोट असं होतं की गाडीखाली सरकताना आधी श्वास सोडून घ्यावा लागे. तो तसा अर्ध्या सोडलेल्या श्वासातच बोलला.

"चोराकडे कशाला आलात?"

"मंगळवारी कुठे असता हे विचारायला."

गाडीखालची खडखड थांबली. "आईला दवाखान्यात नेतो. सकाळी आठ ते दोन. तिथल्या वहीत दर मंगळवारी माझी सही आहे, जाऊन बघा." तो बाहेर सरकला आणि उठून बसला. "ताई, आठ वर्षं मी दर बुधवारी त्या माणसाच्या समोर बसलो. मंगळवारी कुठे असता हे त्यांनी एकदा विचारलं नाही. आणि विचारलं तेव्हा एकदम चोर करूनच विचारलं."

"ते फोन करतायत तुम्हाला."

"त्यांचा नंबर मी बंद करून टाकलाय." त्याने हात पुसले, बराच वेळ पुसले. "मिस्त्रीला काहीही म्हणा. महागडा म्हणा, अडाणी म्हणा. चोर म्हटल्यावर त्या घरात पाना कसा उचलायचा?"

ताई परतली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. मोठ्या बाई आत्तापर्यंत गाढ झोपायला हव्या होत्या. तिने मीटर पाहिला, आणि परत पाहिला.

बाई टक्क जाग्या होत्या.

४

झोपलेली गाडी पिते तशी एक-दोन थेंब वीज नव्हे, ही घटाघटा पीत होती. ताईने एकेक फ्यूज उपसायला सुरुवात केली. रेडिओचा काढला, फरक नाही. काचांचा, नाही. सतराव्या फ्यूजला मीटरचा आकडा दगडासारखा खाली आला.

डिकीत, डाव्या बाजूच्या अस्तरामागे, वहीएवढी एक पेटी होती. ताईने हात लावला. उबदार.

"हे काय आहे?" लिफ्टसाहेबांनी विचारलं.

"गाडीतला फोन."

"गाडीत फोन आहे?"

"त्या काळात मोठ्या गाड्यांत असायचा. सिमकार्ड घालायची खाचसुद्धा आहे, बघा. रिकामी. सिम नसलेला फोन एकदा जागा झाला, की नेटवर्क शोधत बसतो. कुणी उत्तर देत नाही तरी शोधतो. दिवसभर, रात्रभर, बॅटरी संपेपर्यंत. नवी बॅटरी जोडली तरी परत शोधतो, आणि इंजिन एकदा चालू करून बंद केलं तरच झोपतो."

लिफ्टसाहेब त्या पेटीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बिघाड. काढून टाका."

दहा मिनिटांचं काम होतं. पेटी काढली की प्रकरण मिटत होतं, मिस्त्रीही सुटत होता. ताईने पक्कड हातात घेतली, आणि परत ठेवली.

"साहेब, बिघाडाला वार कळत नाही. हा फोन सोमवारी जागा होत नाही, शनिवारी होत नाही. मंगळवारीच होतो. स्टिअरिंगवरचं बटण दाबल्याशिवाय तो उठतच नाही, आणि त्याआधी किल्ली फिरवावी लागते."

"म्हणजे आत कुणीतरी येतं."

"येतं, बसतं, बटण दाबतं आणि गाडी तसूभरही न हलवता कुलूप लावून जातं."

ड्रायव्हरच्या सीटशेजारी दारावर तीन बटणं होती. प्रत्येक बटण एका माणसाची सीट लक्षात ठेवतं.

"एक नंबर माझा," लिफ्टसाहेब म्हणाले. "दोन आधीच्या मालकाचा असेल, सीट पार मागे जाते. तीन मी कधी दाबलं नाही."

ताई आत बसली आणि तिने तीन दाबलं. सीटने सुस्कारा टाकला. मग ती पुढे निघाली. अजून पुढे. मग वर. ताईचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले तरी सीट थांबायचं नाव घेईना. शेवटी ती थांबली तेव्हा ताईची हनुवटी हॉर्नपासून वीतभर होती.

मिस्त्रीचं पोट इथे मावणं शक्य नव्हतं. पुतण्याला बसवायचं तर आधी घडी घालावी लागली असती.

"जाताना परत एक नंबर दाबून तुमची सीट जागेवर ठेवून जातो," ताई अडकल्या अडकल्या म्हणाली. "सभ्य आहे. आणि फार बुटका आहे."

लिफ्टसाहेबांनी सावकाश मान वळवली. पार्किंगच्या तोंडाशी वॉचमन खुर्चीवर बसला होता. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

५

"सापडला!" लिफ्टसाहेब म्हणाले.

"काय सापडलं साहेब?" वॉचमन खुर्चीवरून उतरला. उतरल्याने फारसा फरक पडला नाही.

"मंगळवारी माझ्या गाडीत कोण बसतं?"

"मी नाही हं साहेब. मला लिफ्टमध्येसुद्धा चक्कर येते." मग त्याचा चेहरा पडला. "आणि हे आज विचारताय? मी दर वेळी कळवलंय. तोंडी सांगितलं, फोनवर सांगितलं, वहीत लिहिलं. चौदा महिने!"

त्याने जाडजूड वही आणून आपटली. ताईने पानं उलटली. दुधाचे टेम्पो, नळवाले, पाहुणे. आणि अधूनमधून, ठसठशीत अक्षरांत: 'मंगळवार. काळी गाडी. बाई बसल्या. ११ ते ११.४०.' पुढे परत: 'बाई बसल्या. ११ ते ११.४०.' एकूण चौपन्न वेळा.

"हे होय!" लिफ्टसाहेब निराश झाले. "हे माहीत आहे मला. म्हणून तर मिस्त्रीने हवेच्या चारही पिशव्या बदलल्या. तरी हा म्हणे बाई बसल्या. मग हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलला. तरी बसल्या. मग तो कॉम्प्रेसर काढून दुसरा टाकला."

ताईने वहीवर बोट ठेवलं.

"साहेब, तुमच्या मोठ्या बाई बसल्या की परत उठतात कशा?"

"इंजिन सुरू केल्यावर. पंप हवा भरतो तेव्हा."

"मंगळवारी अकरा चाळीसला इंजिन कोण सुरू करतं?"

"कुणीच नाही. मी तेव्हा एक पाय हवेत धरून झोपलेला असतो, व्यायामाला."

"मग अकरा चाळीसला बाई उठल्या कशा?"

लिफ्टसाहेबांनी वही आपल्याकडे ओढली.

"अहो, चालत!" वॉचमन म्हणाला. "बाई म्हणजे बाई! समोरच्या इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या. येतात, किल्लीने उघडतात, बसतात, जातात. गाडीलाही तुम्ही बाई म्हणता हे मला कुणी सांगितलं?"

एका क्रियापदापायी चार पिशव्या आणि दोन कॉम्प्रेसर गेले होते. लिफ्टसाहेबांनी गाडीच्या टपावर हात टेकला.

"किल्ली होती त्यांच्याकडे?" ताईने विचारलं. "मग अडवलं का नाही?"

"किल्ली होती म्हणूनच नाही अडवलं. घरातलंच माणूस वाटलं." वॉचमन लाजला. "साहेब एकटे, त्याही एकट्या. म्हटलं, असेल काही. आपण कशाला मध्ये पडा."

६

तिसऱ्या मजल्यावर दार साखळीपुरतं उघडलं. फटीत, साखळीच्याही खाली, पांढऱ्या केसांचा एक नीट बांधलेला अंबाडा दिसला.

"काकू," ताई म्हणाली, "तीन नंबरचं बटण तुमचं का?"

मग साखळी निघाली.

"या. चहा टाकते," काकू म्हणाल्या. त्यांनी ताईच्या मागे उभ्या असलेल्या लिफ्टसाहेबांकडे पाहिलं. "पोलीस बरोबर आहेत, की मागून येतायत?"

खोलीत एकच खुर्ची टेबलापाशी ओढलेली होती. दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. काकूंनी तो उचलून खाली ठेवला, तेव्हा खालची गादी अगदी नवीकोरी निघाली.

"गाडी माझ्या मिस्टरांची," त्या म्हणाल्या. "ते गेले आणि महिन्याच्या आत दिराने परस्पर विकली. मला म्हणाला, तुम्हाला काय करायची आहे? बरोबरच होतं. मिस्टरांनी मला ती कधी चालवू दिली नाही. लायसन आहे हं माझ्याकडे. पण म्हणायचे, तुझी उंची नाही. मी आठ वर्षं शेजारच्या सीटवर बसून न दिसणारा ब्रेक दाबला."

"आणि किल्ली?"

"दुसरी किल्ली शिवणाच्या डब्यात होती. बटणांमध्ये. इथे राहायला आले तेव्हा डबा उपडा झाला आणि निघाली. त्याच आठवड्यात खिडकीतून बघते, तर आमची गाडी समोरच्या तळघरात शिरतेय. नंबर तोच."

"कधी?"

"चौदा महिने झाले."

लिफ्टसाहेबांनी इतका वेळ दाबून धरलेलं वाक्य शेवटी सुटलंच. "बाई, सहा बॅटऱ्या गेल्या माझ्या! एका माणसाला मी चोर म्हटलं! तुम्ही एकदा येऊन विचारायचं तरी!"

"काय विचारू?" काकू म्हणाल्या. "तुमच्या गाडीत माझे मिस्टर आहेत, जरा भेटू द्याल का, असं?"

लिफ्टसाहेबांनी ताईकडे पाहिलं.

"म्हणजे?" ताई म्हणाली.

"चला," काकू उठल्या. "तुम्हीच ऐका."

७

काकू ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. त्यांनी तीन नंबर दाबलं आणि सीट त्यांना घेऊन अलगद पुढे गेली, वर गेली, आणि बरोबर जागेवर थांबली. लिफ्टसाहेब शेजारी बसले. स्वतःच्या गाडीत त्या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते. ताई सतरावा फ्यूज परत बसवून मागे बसली.

"फोन चालू नसला तरी यादी ऐकू येते," काकू म्हणाल्या. "तेव्हा नावं आपल्याच आवाजात भरून ठेवावी लागायची. गाडीला तेवढीच ओळखू यायची." त्यांनी किल्ली फिरवून स्टिअरिंगवरचं बटण दाबलं.

स्पीकरमध्ये खरखर झाली. मग एका पुरुषाचा आवाज आला, जरा घाईतला, मागे रहदारी.

"घर."

खरखर.

"ऑफिस."

खरखर.

"मेव्हणा." हा शब्द म्हणताना आवाज किंचित पडला होता.

खरखर. आणि मग, इतका जवळून की लिफ्टसाहेबांनी चटकन शेजारी पाहिलं:

"अगं."

हाक मारून पुढे काहीतरी सांगायचं असावं, तसा. पण यादी तिथेच संपत होती.

"काय हो," काकू अगदी सहज म्हणाल्या. मग त्यांना बाकीचे दोघं आठवले आणि त्या गप्प झाल्या.

थोड्या वेळाने लिफ्टसाहेबांनी विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच." काकूंनी पदर सारखा केला. "घरी एका लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे. तिच्यात सगळ्या नातेवाइकांचे आवाज आहेत, यांचाच नाही. हे मागे उभं राहून दिवा धरत होते. इथे मात्र आहेत. दहा सेकंदांचं काम. उरलेली चाळीस मिनिटं मी नुसतीच बसते." त्यांनी किल्ली काढली आणि लिफ्टसाहेबांपुढे धरली. "चूक माझी. ही घ्या. ती पेटी काढायची तर काढा. पण मी वर गेल्यावर काढा."

लिफ्टसाहेब किल्लीकडे बघत राहिले. ती त्यांनी घेतली नाही.

"पेटी ठेवून मधे एक स्विच टाकता येईल," ताई मागून म्हणाली. "ऐकून झालं की बंद. बॅटरी मरणार नाही. अर्धा तास लागेल."

"टाका," लिफ्टसाहेब म्हणाले. मग जरा वेळाने, समोर बघतच, "या यादीत एकूण किती नावं बसतात हो?"

"वीस."

"आणि चारच आहेत."

"चारच."

लिफ्टसाहेब विचार करत राहिले. सोळा जागा रिकाम्या होत्या. एवढ्या जागा भरायला माणसं आणायची कुठून, असा तो विचार असावा, कारण त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि पहिल्याच बोटावर थांबले.

"ताई, त्या मिस्त्रीची आई... खरंच दर मंगळवारी?"

"सकाळी आठ ते दोन. सही असते त्यांची तिथल्या वहीत."

"आठ वर्षांत मी विचारलं नाही." त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. "माझा फोन तो उचलत नाही."

ताई खाली उतरली. तिने आपल्या मोबाइलमधलं सिमकार्ड काढलं आणि डिकीतल्या पेटीच्या खाचेत सरकवलं.

"अहो, तुमचे फोन?" काकू म्हणाल्या.

"अर्धा तास कुणाचं काही मेलं नाही म्हणजे झालं," ताई म्हणाली.

दोन मिनिटं गेली. मग समोरच्या पडद्यावर, आठ वर्षांत पहिल्यांदाच, नेटवर्कच्या चार रेघा उगवल्या. काकूंनी बटण कसं दाबून ठेवायचं ते दाखवलं. नंबर लिफ्टसाहेबांना तोंडपाठ होता. नाव भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी घसा दोनदा खाकरला. पहिलं खाकरणंच गाडीने नाव म्हणून घेतलं, ते पुसावं लागलं.

"मिस्त्री," ते म्हणाले.

गाडी नंबर फिरवू लागली. त्याच वेळी पुढच्या काचेपलीकडे पुतण्या दिसला. मान वाकवलेली, शेजारी मापाची टेप घेतलेला गिऱ्हाईक. आत काका शेजारच्या सीटवर, कुणी अनोळखी म्हातारी ड्रायव्हरच्या, आणि मीटरवाली बाई मागे. त्याने काचेवर टकटक केली.

"काका, हे काय?"

"थांब रे," लिफ्टसाहेब म्हणाले, "फोनवर आहे."

सगळ्या स्पीकरांतून एकदम मिस्त्रीचा आवाज घुमला. "हॅलो, कोण?"

"मी."

पलीकडे श्वास. फोन ठेवला जाणार, असं तिघांनाही वाटलं. "कुणाचा नंबर हा?"

"बाईंचा. गाडीतून बोलतोय."

"गाडीतला फोन मेलाय. आठ वर्षांपूर्वीच बघून ठेवलंय मी."

"नाही मेला. तुम्ही चुकलात."

"चुकलो?" मिस्त्रीचा आवाज चढला. "मी चुकलो?"

"तुम्ही फोनच्या बाबतीत," लिफ्टसाहेब म्हणाले. "मी बाकी सगळ्यात. बॅटरी कुणी मारली नव्हती. तुम्ही चोर नाही. हे मी चार माणसांसमोर बोलतोय, इथे आत दोघी आहेत आणि बाहेर पुतण्या आणि गाडीचं गिऱ्हाईक आहे, काच खाली घेतो." त्यांनी बटण दाबलं. काच नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडकली. तेवढ्या फटीतून ते पुतण्याला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "मिस्त्री चोर नाही. ऐकलंत?"

"ऐकलं," गिऱ्हाईक घाबरून म्हणाला.

लिफ्टसाहेबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते.

"आईंना कसं आहे?" ते म्हणाले.

गॅरेजमध्ये कुठेतरी पाना पडल्याचा आवाज आला. मग मिस्त्रीने खूप मोठा श्वास सोडला, गाडीखाली सरकताना सोडतो तसा.

"इंजिन चालू आहे का?"

"नाही."

"बंद इंजिनावर फोन लावून बसलाय? बॅटरी उतरेल ना साहेब! आधी चालू करा. आणि ते गिऱ्हाईक काय बघतंय, त्याला हात लावू देऊ नका. मी आलोच."

लिफ्टसाहेबांनी शेजारी पाहिलं. काकूंच्या हातात किल्ली अजून तशीच होती.

"करा की," ते म्हणाले.

काकूंनी दोन्ही हातांनी किल्ली फिरवली.